घरच्या डीबीत आरसीसीबी : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात नळाच्या पाण्याला करंट जाणवत असल्याच्या एका तक्रारीला उत्तर देताना गिझरची अर्थिंग तपासून घ्यावी आणि घराच्या डीबीत (मीटरनंतरच्या खटक्यांच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागताच लाईन तोडणारा खटका) बसवून घ्यावा, असे सुचवले होते. त्यावर बेळगाव शहरातून तसेच खानापूर, निपाणी आणि हुक्केरी भागांतून पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल, तेथे सर्वांत तपशीलवार पत्र घेतले आहे.

प्रश्न : आमच्या डीबीत प्रत्येक खोलीसाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका) आहे आणि मीटरजवळ मेन स्विचही आहे. तरीही वायरमन आरसीसीबी बसवा म्हणतो. एमसीबी असताना हा वेगळा खर्च कशासाठी? आणि बसवायचाच झाला, तर कोणता घ्यावा? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : वायरमन योग्य तेच सांगत आहे. एमसीबी वायरीचे रक्षण करतो; माणसाचे रक्षण हे त्याचे कामच नव्हे. गिझरच्या लाईनवरील १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे जाऊ देतो आणि त्याहून बराच अधिक भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले, तरच पडतो. माणसाचे गणित याहून फार निराळे आहे. शरीरातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला, तरी हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. ज्या प्रवाहाने जीव जाऊ शकतो, तो एमसीबीच्या दृष्टीने एका लहान एलईडी दिव्याएवढा असतो, त्यामुळे तो पडण्याचा प्रश्नच येत नाही.

आरसीसीबीच्या आत फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन्ही वायरी एकाच चुंबकीय कड्यातून जातात. फेजमधून गेलेला प्रवाह तेवढाच्या तेवढा न्यूट्रलमधून परत आला, तर कड्यात काहीच घडत नाही. त्यातील थोडासा प्रवाह ओल्या भिंतीतून, गिझरच्या टाकीतून किंवा कोणाच्या हातापायांतून जमिनीत गेला, तर गेलेल्या आणि परत आलेल्या प्रवाहांचा जमा-खर्च जुळेनासा होतो, कड्यावरील निराळ्या गुंडाळीत वीज उत्पन्न होते आणि त्या विजेने खटका सुटून दोन्ही वायरींची जोडणी तुटते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरपर्यंत पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे. ३० मिलिअँपिअरला जास्तीत जास्त ०.३ सेकंद आणि त्याच्या पाचपट गळती असेल तर जास्तीत जास्त ०.०४ सेकंद, अशी मर्यादा त्यासाठी ठरलेली आहे. शॉक बसतच नाही, असे मात्र समजू नये. झटका जाणवतो, पण तो टिकत नाही.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर गेलेला सारा प्रवाह न्यूट्रलनेच परत येतो; आरसीसीबीला तो माणूस आणि एखादा बल्ब यांत फरक कळत नाही. तसेच जादा भार आणि शॉर्टसर्किट यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून एमसीबी काढून त्या जागी आरसीसीबी बसवणे सर्वथा चूक आहे. दोन्ही हवेत, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ हवा.

खरेदी करताना दुकानात ‘ईएलसीबी’ मागितला तरी बहुतेक ठिकाणी आरसीसीबी हीच वस्तू पुढे येते. तिच्यावर आयएस १२६४० हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि ३० मिलिअँपिअर हा आकडा छापलेला असल्याची खात्री करून घ्यावी. अँपिअरचा आकडा मेन एमसीबीच्या आकड्याहून कमी नसावा. मेन ३२ अँपिअरचा असेल, तर आरसीसीबी ४० चा घ्यावा. घरात इन्व्हर्टर तंत्राचा एसी किंवा वॉशिंग मशीन असल्यास आरसीसीबीच्या साध्या ‘एसी’ प्रकाराऐवजी (येथे ‘एसी’ म्हणजे वातानुकूलक नव्हे) ‘ए’ प्रकारचा मागावा, कारण अशा उपकरणांतील गळती कधी कधी एका दिशेच्या लहरींची असते आणि ती साध्या प्रकाराला नीट ओळखता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत गळतीपासून संरक्षण देणाऱ्या उपकरणाची तरतूद होती आणि २०२३ मध्ये ते नियम नव्याने जारी झाले. पण नियमातील जोडभाराची (घरातील उपकरणांच्या एकूण भाराची) मर्यादा आपल्या घराला लागू होते की नाही, हे पाहून निर्णय घ्यावा असा हा विषय नाही.

प्रश्न : आमचे घर जांभ्या दगडाचे आणि बरेच जुने आहे. अर्थिंगसाठी पूर्वी खड्डा केला होता, पण उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो. शेजारी म्हणतात की अर्थिंग चांगली नसेल, तर आरसीसीबी बसवून काहीच उपयोग नाही. हे खरे आहे काय? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. जेथे अर्थिंग कमकुवत, तेथे आरसीसीबीची गरज अधिक.

समजा, आपल्या खड्ड्याचा रोध उन्हाळ्यात ४० ओहम झाला आहे आणि गिझरची कॉईल फुटून फेज थेट टाकीला लागला आहे. २३० व्होल्टला ४० ने भागले, तर अर्थिंगमधून पावणेसहा अँपिअरच्या आत प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. टाकी, तिला जोडलेला लोखंडी नळ आणि त्याच अर्थ वायरीवरील फ्रिज, मिक्सर, इस्त्री अशा सर्व उपकरणांचे धातूचे भाग जिवंत होऊन बसतील, मीटर फिरत राहील आणि डीबीतील सर्व खटके वरच असतील. तेथे आरसीसीबी असता, तर ३० मिलिअँपिअर ओलांडताच लाईन तुटली असती. धातूच्या भागावर ५० व्होल्टच्या वर दाब टिकू द्यायचा नाही असे धरले, तरी ५० ला ०.०३ ने भागून १,६०० ओहमच्या वरचा रोधसुद्धा आरसीसीबीला चालतो, असे गणित येते. अर्थात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बदलणारी जमीन लक्षात घेता इतक्या काठावर कोणी राहू नये.

अर्थ वायर मुळीच नसेल, तरीही आरसीसीबी काम करतो. मात्र अशा वेळी बिघडलेल्या टाकीतून जमिनीकडे जाणारी वाट हा तिला हात लावणारा माणूसच असतो. अर्थिंग असेल, तर बिघाड होता क्षणीच, कोणी हात लावण्याआधी, लाईन जाते. म्हणून खड्डाही दुरुस्त करून घ्यावा. अडीच मीटर लांबीचा जीआय पाईप जांभ्यात उतरवायचा, तर खालचा कठीण थर फोडावा लागतो, आणि तो टाळण्यासाठी पाईपच अर्धा कापून टाकण्याचे प्रकार होतात. पाईप पुरण्याआधी त्याची लांबी स्वतः टेप लावून मोजावी. अथणीकडील काळ्या जमिनीत ओल धरून राहते, तशी ती जांभ्यात राहत नाही. त्यामुळे खड्डा परसात मोरीच्या पाण्याजवळ घ्यावा, मीठ आणि कोळसा घालावा आणि फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्यात अधूनमधून पाणी ओतावे.

एक प्रकार मात्र कोणी सुचवला तरी करू देऊ नये. थ्री-पिन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ‘अर्थिंग झाली’ असे सांगितले जाते. टेस्ट लॅम्प लावला की तो पेटतो, त्यामुळे घरमालकाचे समाधान होते. पुढे कधी त्या लाईनचा न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या दारावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. घरात असा एखादा तुकडा असला आणि तेथील अर्थ वायर जमिनीपर्यंत पोहोचलेली असली, तर नवा आरसीसीबी बसवताच पडू लागतो.

प्रश्न : दोन मजली जुन्या घराच्या डीबीत दिवाळीच्या सुमारास ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. खालच्या मजल्यावर काही अडचण नाही, पण वरच्या मजल्यावरील पंखा लावला की तो पडतो. बसवणाऱ्याने दोन वेळा येऊन पाहिले आणि शेवटी ‘पीस खराब आहे’ म्हणून त्याला बगल देऊन लाईन थेट जोडून दिली. दुकानदार पीस बदलून देण्यास तयार आहे. घरात इन्व्हर्टरही आहे. काय करावे? — एक वाचक, निपाणी

उत्तर : पीस बदलू नका. वर्णन वाचून आरसीसीबी अगदी नीट काम करीत असल्याचे दिसते. वरच्या मजल्याचा न्यूट्रल भलतीकडे जात आहे.

नव्या घरात आरसीसीबी बसवणे हे तासाभराचे काम आहे, पण जुन्या घरात खरे काम न्यूट्रलचे असते आणि पुष्कळ जण नेमके तेच टाळतात. जुन्या वायरिंगमध्ये फेज वेगवेगळे ओढलेले असतात, परंतु न्यूट्रल मात्र जेथे जवळ सापडेल तेथून घेतलेला असतो. जिन्यातील दिव्याचा फेज खालचा आणि न्यूट्रल वरचा, असे हमखास आढळते. एमसीबी फक्त फेज पाहतो, म्हणून अशा जोडणीत वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. आरसीसीबीला मात्र त्याच्यातून बाहेर पडलेला प्रवाह त्याच्याच न्यूट्रलने परत हवा असतो. आपल्याकडे वरच्या पंख्याचा फेज आरसीसीबीतून जातो आणि न्यूट्रल त्याच्या आधीच्या, मीटरकडच्या न्यूट्रल-पट्टीवर परत येतो, असे असावे. पंखा साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे कड्याला एकदम २५० मिलिअँपिअरच्या वर तफावत दिसते आणि तो पडतो.

आपल्या डीबीचे झाकण काढल्यावर खालच्या बाजूला पितळेची एक पट्टी दिसेल आणि तिच्या स्क्रूंखाली काळ्या वायरींचा झुबका असेल, एकेका भोकात दोन-दोन, तीन-तीन. मीटरकडून आलेला न्यूट्रल आणि खोल्यांकडे जाणारे न्यूट्रल एकाच पट्टीवर असतील, तर आरसीसीबी बसूच शकत नाही. मीटरचा न्यूट्रल मेन स्विचमधून थेट आरसीसीबीच्या वरच्या ‘एन’ टर्मिनलला आला पाहिजे, खालच्या ‘एन’ मधून तो नव्या, स्वतंत्र पट्टीवर गेला पाहिजे आणि घरातील प्रत्येक न्यूट्रल त्या नव्या पट्टीवरच आला पाहिजे. त्यानंतर कोठेही न्यूट्रलचा अर्थशी किंवा जुन्या पट्टीशी संबंध उरता कामा नये. घरात दोन आरसीसीबी असतील, तर न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन आणि त्यांच्या वायरी एकमेकींत मिसळलेल्या नसाव्यात.

दोष शोधण्याची नेहमीची रीत अशी सांगितली जाते की सर्व एमसीबी खाली करावेत, आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी वर करीत जावे. ज्याच्याबरोबर तो पडेल, ती लाईन दोषी. ही रीत अर्धीच खरी आहे. घरगुती एमसीबी बहुधा एकाच पोलचे असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात आणि न्यूट्रल जोडलेलेच राहतात. बाथरूमच्या लाईनचा न्यूट्रल भिंतीत कोठे अर्थला टेकला असेल, तर स्वयंपाकघराचा एमसीबी वर करून मिक्सर लावला तरी आरसीसीबी पडेल, आणि दोष मिक्सरचा समजून तो दुरुस्तीला जाईल. म्हणून मेन बंद करून पट्टीवरील सर्व न्यूट्रल सोडवावेत, प्रत्येकावर आपापल्या एमसीबीचा क्रमांक टेपने चिकटवावा आणि मग फेज-न्यूट्रलची एकेक जोडी जोडत जावे. ज्या काळ्या वायरीची जोडी सापडत नाही, तीच बहुधा खोडीची वायर असते. वायरमनकडे मेगर (वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते तपासण्याचे यंत्र) असल्यास सर्व उपकरणांचे प्लग काढून, बल्ब उतरवून, ५०० व्होल्टवर प्रत्येक लाईन अर्थशी तपासावी. एक मेगाओहमपेक्षा कमी वाचन देणारी लाईन उघडून पाहावी.

इन्व्हर्टरचे दोन मुद्दे आहेत. इन्व्हर्टरला जाणारा फेज आरसीसीबीनंतर घेतला असेल, तर इन्व्हर्टरवरील पंखे-दिव्यांचे न्यूट्रलसुद्धा आरसीसीबीनंतरच्याच पट्टीवर हवेत. वरच्या मजल्याचे पंखे इन्व्हर्टरवर असतील, तर आपला दोष येथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा मुद्दा फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर स्वतःची वीज देतो आणि तिचा फेज त्या वेळी मेन आरसीसीबीतून आलेलाच नसतो. म्हणजे लाईट असताना असलेले संरक्षण लाईट गेल्यावर त्या लाईनपुरते नाहीसे होते. इन्व्हर्टरच्या आउटपुटला लहान, स्वतंत्र आरसीसीबी बसवून घेणे हाच त्यावर उपाय आहे, आणि त्यासाठी त्या लाईनचे न्यूट्रल वेगळे ओढावे लागतात.

तोपर्यंत बगल देऊन जोडलेली लाईन तशीच ठेवू नका. वरच्या मजल्याची दुरुस्ती लांबणार असेल, तर निदान बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाहेरचे दिवे यांच्या लाईनी नीट करून आरसीसीबीखाली आणा.

प्रश्न : गणपतीपर्यंत आमच्याकडे पाऊस थांबत नाही आणि त्या दिवसांत आरसीसीबी नेमका रात्री पडतो. सकाळी आपोआप ठीक असतो. ३० ऐवजी १०० मिलिअँपिअरचा बसवला तर त्रास जाईल, असे एकाने सांगितले. — एक वाचक, जांबोटी परिसर

उत्तर : त्रास जाईल, संरक्षणही जाईल. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून इमारतीचे रक्षण करण्यासाठी असतात. माणसासाठी ३० हाच आकडा आहे.

रात्रीच पडतो, याचा अर्थ रात्रीच चालू होणारे काही तरी ओले आहे. फाटकावरचा दिवा, अंगणातील बल्ब, गोठ्यातील होल्डर, पागोळ्यांखालून गेलेली वायर, हे क्रमाने पाहावे. फाटकाच्या खांबातील दिव्याची पेटी उघडली की तळाशी बोटभर पाणी, मुंग्यांनी आणलेली माती आणि त्यात बुडालेला, काळी टेप गुंडाळलेला जोड, असे दृश्य आपल्याकडे नवे नाही. टेप ही पाण्यासाठी नसते. जोड पेटीत वरच्या बाजूला, बंद कनेक्टरमध्ये घ्यावा, पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक ठेवावे आणि वायर खालून आत आणावी, म्हणजे तिच्या अंगाने पाणी आत उतरणार नाही. कौलांखालच्या जुन्या लाकडी पट्टीवरील वायरिंगला कौल फुटल्यावर ओल लागते. तेथे मात्र डागडुजीपेक्षा नवी वायरिंगच बरी.

कधी एकही लाईन दोषी नसते, पण फ्रिज, संगणक, वॉशिंग मशीन, बोअरची मोटर या सर्वांची थोडी-थोडी नैसर्गिक गळती मिळून १५ मिलिअँपिअरच्या पुढे जाते आणि हवेतील ओलाव्याने उरलेली भर पडते. अशा वेळी सर्व घर एका आरसीसीबीखाली न ठेवता ते दोनांत विभागावे आणि बोअरच्या मोटरीला वेगळा आरसीबीओ द्यावा, म्हणजे अंगणातील दिव्यापायी फ्रिज रात्रभर बंद राहणार नाही.

प्रश्न : घराच्या मागच्या खोलीत आमचे यंत्रमाग आहेत आणि कनेक्शन थ्री-फेज आहे. घर आणि माग यांना एकच आरसीसीबी चालेल काय? — एक विणकर, वडगाव, बेळगाव

उत्तर : चालेल, पण नको. घरातील एखाद्या उपकरणाच्या गळतीने घर आणि धंदा दोन्ही बंद पडतील. मेनला चार पोलचा (तिन्ही फेज आणि न्यूट्रल तोडणारा), १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, थोडा विलंब ठेवणारा ‘एस’ प्रकारचा आरसीसीबी द्यावा आणि घराच्या लाईनवर स्वतंत्र ३० चा दोन पोलचा द्यावा. मग घरातील दोषाला घरचाच पडेल. मागाच्या सांगाड्याला हात लावूनच काम करावे लागत असल्याने प्रत्येक सांगाड्याला अर्थ वायर असणे आवश्यक आहे, आणि सुताच्या धुळीने भरलेल्या मोटरींच्या टर्मिनल पेट्या अधूनमधून मेन बंद करून साफ करून घ्याव्यात.

प्रश्न : आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण आहे. ते दाबले की सर्व लाईट जाते, म्हणून घरातले ओरडतात. ते कधी दाबायचे? आणि पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून आमच्या दिरांनी खटका वर करून चिकटपट्टी लावली आहे, ते चालते का? — एक गृहिणी, उचगाव

उत्तर : बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि लाईट गेलीच पाहिजे. न गेल्यास आरसीसीबी बदलावा. वर्षानुवर्षे न हललेला खटका ऐन वेळी अडकून बसू शकतो, हे दाबण्याचे मुख्य कारण आहे. वीजपुरवठा चालू असतानाच बटण काम करते, आणि त्याने फक्त आरसीसीबीची तपासणी होते, अर्थिंगची नाही. संगणक बंद करून आणि इतरांना आधी सांगून दाबले, म्हणजे ओरडा कमी होईल.

चिकटपट्टीविषयी दिरांना सांगावे की ती व्यर्थ आहे. खटका बाहेरून वर धरून ठेवला, तरी आतील संपर्क तुटतातच. यंत्रणेची रचनाच तशी असते. पट्टीने एवढेच होते की तो पडला आहे, हे बाहेरून कळत नाही.

प्रश्न : मी शेतातील मोटरीचा स्टार्टर स्वतः जोडतो. आरसीसीबी स्वतः बसवला तर काय हरकत आहे? — एक शेतकरी वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : जोडणी आपल्याला जमेल, याविषयी शंका नाही, हरकत दुसरीच आहे. डीबीतील मेन स्विच बंद केला, तरी मीटरकडून त्याच्या वरच्या टर्मिनलपर्यंत येणारी वायर जिवंतच राहते. मीटर आणि कट-आउट (मीटरजवळचा फ्यूज) यांचे सील हेस्कॉमचे, म्हणजे वीज कंपनीचे असते, ते आपण तोडू शकत नाही, आणि म्हणून पूर्ण मृत डीबीवर काम करण्याची सोय घरमालकाकडे नसते. शिवाय मेगर आणि आरसीसीबी टेस्टर ही साधने एका कामासाठी विकत घेण्यासारखी नाहीत. परवानाधारक कंत्राटदाराकडून काम करून घ्यावे.

काम झाल्यावर त्याला पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट आपल्यासमोर करून घ्यावी. घरातील सर्वांना नळ, गिझर आणि फ्रिज यांच्यापासून दूर थांबण्यास सांगून त्याने प्रत्येक थ्री-पिन सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्टर किंवा १५ वॅटचा तारेचा टेस्ट लॅम्प लावावा. एवढ्या दिव्यातून सुमारे ६५ मिलिअँपिअर जातात, त्यामुळे आरसीसीबी तत्काळ पडला पाहिजे. एखाद्या सॉकेटवर दिवा मुळीच लागला नाही, तर तेथे अर्थ वायर पोहोचलेली नाही. दिवा लागून राहिला आणि आरसीसीबी पडला नाही, तर त्या सॉकेटचा फेज आरसीसीबीच्या आधीच घेतलेला आहे, किंवा तेथे न्यूट्रल आणि अर्थ तुकड्याने जोडलेले आहेत, किंवा आरसीसीबीच बिघडलेला आहे. यांपैकी कोणत्याही प्रकारात काम अजून बाकी आहे.